दरवाजात हॉर्न न वाजवणारे दसरूभाऊ

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजात सकाळी दहा वाजता ऑटो, मोटारसायकली, भाजीच्या हातगाड्या आणि शाळेच्या व्हॅन एकमेकांत अडकतात आणि सगळे मिळून हॉर्न वाजवतात. दगडी कमान असल्यामुळे आवाज आतल्या आत घुमतो. त्या कमानीत हॉर्न न वाजवणारा एकच ड्रायव्हर मी पाहिला. दसरूभाऊ. कमान जवळ आली की ते उजवा हात स्टिअरिंगवरून काढून खिडकीबाहेर ठेवत. चुकून हॉर्नवर पडू नये म्हणून. मागचे बोंबलत, शिव्या देत. दसरूभाऊ कमान संपेपर्यंत बैलगाडी हाकल्यासारखी गाडी पुढे नेत.

काऊन म्हणून मी विचारलं होतं.

"मोठ्या माणसाच्या घरात कोणी बोंबलत जाते का?" ते म्हणाले. "हा दरवाजा आमच्या गोंड राजाचा आहे. दरवाजात आवाज नाई कराचा."

मी तेव्हा हसले होते.

आम्ही दोघं वाघाच्या जंगलाच्या गेटजवळच्या एका लॉजवर कामाला होतो. मी काउंटरवर, ते गाडीवर. मी मूल या तालुक्याच्या गावाजवळच्या एका खेड्यातली. बाप राईस मिलमध्ये पोती उचलतो, आई दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्याला जाते. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. लोक अशा वेळी म्हणतात की मिरवण्यासाठी सांगत नाही. मी मिरवण्यासाठीच सांगते. तीन वर्षं रोज पहाटेच्या एसटीनं चंद्रपूरला गेले आणि बीए झाले. माझा बाप मिलमध्ये सांगत असतो की पोरगी ऑफिसात खुर्चीवर बसते आणि तिच्या सहीशिवाय गाडी निघत नाही. हे खरं होतं. कोणती गाडी किती वाजता निघाली, कोणत्या रस्त्यानं आली, पाहुणे किती वाजता पोचले, हे रजिस्टरमध्ये लिहून खाली सही करणं हे माझंच काम होतं. दसरूभाऊ मला बीएबाई म्हणत. पहिल्यांदा मला राग आला. पण ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं तो हुद्दा होता, पाटीलबाई म्हणावं तसा.

दसरूभाऊंचं गाव एटापल्लीच्या पलीकडे, जंगलात. पण तीस वर्षांपासून ते चंद्रपुरात, परकोटाच्या आत राहत. परकोट म्हणजे शहराभोवतीची जुनी दगडी भिंत. तिला चार मोठे दरवाजे आहेत आणि पाच लहान, त्यांना खिडक्या म्हणतात. विठोबा खिडकीजवळच्या गल्लीत त्यांची भाड्याची एक खोली होती. खोलीला स्वतःची खिडकी नव्हती. कोणी विचारलं की ते परकोटाच्या खिडकीकडे बोट दाखवत. एवढी मोठी खिडकी चंद्रपुरात कोणाच्या घराला आहे सांग, म्हणत. बायको मागेच वारली होती. एक मुलगी गडचांदूरला दिली होती, जावई सिमेंटच्या कारखान्यात. ती बोलावत असे, हे जात नसत. तिथं धूळ खाण्यापेक्षा इथली खातो, ही माझ्या ओळखीची आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमचे देव किती?"

मला वाटलं, माणूस धार्मिक आहे. मी म्हटलं, घरी पाटावर पाच-सहा असतील, मोजले नाहीत. दसरूभाऊंच्या हातातला चहा बशीत सांडला, एवढे ते हसले. मग त्यांनी समजावलं. त्यांच्या गोंडांत कोणी चार देवांचा असतो, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. आकडा विचारला की समोरचा आपला भाऊ लागतो की त्याच्या घरी मुलगी देता येते, ते कळतं. सारख्या आकड्याचे सगळे भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न नाही. ते स्वतः सहा देवांचे. नवीन माणूस भेटला की नाव विचारण्याच्या आधी ते हा आकडा विचारत. आमचे मॅनेजर साहेब नागपूरचे. त्यांना विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, देव एकच आहे. दसरूभाऊ काळजीनं म्हणाले, "मंग तुमच्यात लगनं कशी जमतात, साहेब?"

पाहुण्यांनाही ते विचारत. गाडीत शांतता झाली की आरशातून मागे बघून विचारत. बहुतेकांना कळत नसे. काही जण हसून फोनमध्ये बघू लागत. साहेबांनी दोनदा सांगितलं, पाहुण्यांशी वाघाशिवाय काही बोलायचं नाही. दसरूभाऊंनी ते ऐकलं, आणि पुढच्या पाहुण्याला विचारलं.

वाघावर त्यांचा राग नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. वाघाचं ते नावही घेत नसत, नुसतं तो, त्याले असं म्हणत. पण पाहुणे बल्लारशाहला रेल्वेनं उतरत आणि डोळे मिटून जंगलाच्या गेटपर्यंत येत, दोन दिवस वाघाच्या मागे हिंडत आणि परत डोळे मिटून जात, हे त्यांच्या मनाला लागे. मधे एवढं शहर आहे. भिंत आहे. राणीनं राजासाठी बांधलेली समाधी आहे, तिच्या भिंतीवर हात फिरवला तर दगडात बोट जाईल एवढं कोरीव काम. "हे इथी आहे, आन् लोक आग्र्याले जाऊन फोटो काढून राह्यले," असं ते म्हणत, आणि हे बोलताना त्यांचा आवाज जरासा चढे.

म्हणून ते रस्ता बदलत. लॉजचा नियम होता की बल्लारशाहवरून येताना गाडी शहराबाहेरच्या रस्त्यानं आणायची. दसरूभाऊ आतून आणत. अंचलेश्वर दरवाजानं आत, जटपुरा दरवाजानं बाहेर. वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागत. जटपुऱ्याच्या अलीकडे गाडी हळू करून ते पाहुण्यांना वर बघायला सांगत. कमानीच्या वर दगडात एक जनावर कोरलेलं आहे, सिंहासारखं, आणि त्याच्या पंज्याखाली लहानसा हत्ती. "हा कधी मिस होत नाई," ते म्हणत. "सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा. बुकिंगबी नाई." मग विचारत, उतरता का? लॉजवरच्या अकरा वर्षांत किती पाहुणे उतरले, असं मी एकदा विचारलं. त्यांनी आठवायला वेळ घेतला. एक जण उतरला होता, म्हणाले. त्याला लघवीला जायचं होतं.

आणि मी रजिस्टरमध्ये लिहीत असे, वाहतूक कोंडी. गाडी उशिरा आली, कारण वाहतूक कोंडी. महिन्यातून पाच-सहा वेळा. दसरूभाऊ काउंटरवर येऊन उभे राहत आणि मी काय लिहिते ते बघत. त्यांना वाचता येई, पण एकेक अक्षर लावत. कोंडी वाचून झालं की मान हलवत.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्या हातात कैरीचं पन्हं देतात. एप्रिलमध्ये चंद्रपूरचं ऊन असं असतं की गाडीचं दार उघडलं तरी हात भाजतो. बल्लारशाहवरून आलेल्या ड्रायव्हरलाही स्वयंपाकी एक पेला भरून देई. दसरूभाऊ घेत नसत. साधं पाणी मागत. स्वयंपाक्याला वाटलं, त्याच्या हाताचं चालत नाही. तो रुसला. मी विचारलं तेव्हा खरं कळलं. त्यांच्या गावात आंब्याचा पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, होईपर्यंत कोणी त्या वर्षाची कैरी तोंडात घालत नाही. आधी देवाला, मग माणसाला. आणि हा सण पंचांगात नसतो. गाव बसून ठरवतं.

"मग इथं बसून तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं.

"गोलबाजारात," ते म्हणाले, जसं काही मी पोस्टाचा पत्ता विचारला.

एका मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी हे बघितलं. गोलबाजाराच्या एका कडेला जंगलाकडून आलेल्या बाया मोहफुलं, चारोळ्या, डिंक घेऊन बसतात. मी तीन वर्षं त्या बाजारातून गेले होते आणि त्या बाया मला भाजीवाल्यांपेक्षा वेगळ्या दिसल्या नव्हत्या. दसरूभाऊ त्यांच्यात उकिडवे बसले होते आणि गोंडीत बोलत होते. कोण बाळंत झालं, कोणाचं भांडण मिटलं, कोणता नाला आटला. त्यांना सगळ्या गावाची बातमी तिथं मिळत होती. एका म्हाताऱ्या बाईनं काहीतरी सांगितलं. दसरूभाऊ उठले, पलीकडच्या गाडीवरून एक कैरी घेतली, शर्टाला पुसली आणि मीठ-मिरची न लावता तिथंच कचकन चावली. डोळे मिटून चावत राहिले. मग मला बघून म्हणाले, "झाला. परवाच झाला."

त्याच दिवशी त्यांनी मला शहर दाखवलं. मी म्हटलं होतं की मी इथंच शिकले, मला काय दाखवता. ते मला जटपुरा दरवाजाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "तीन वर्ष याच्या खालून गेली तू. एकदा तरी वर पाह्यलं?"

पाहिलं नव्हतं. बसस्टँड ते कॉलेज आणि कॉलेज ते बसस्टँड, एवढंच चंद्रपूर मला ठाऊक होतं. खाली बघून चालायची सवय, कारण एसटी चुकली तर घरी पोचायला अंधार आणि बापाची बोलणी.

आम्ही भिंतीच्या कडेनं चाललो. भिंतीला लागून घरं आहेत, गोठे आहेत, धुणी वाळत घातलेली आहेत. एका जागी एक बाई भिंतीच्या सावलीत बांबूच्या काड्या सोलून सूप विणत होती. दसरूभाऊंनी सांगितलं, हिची सासूही याच दगडाला टेकून विणायची, दगड बघ कसा गुळगुळीत झाला. खरंच तिच्या पाठीएवढा भाग चकाकत होता. बाई म्हणाली, या भाऊनं माझी पाठ सगळ्या चंद्रपूरला दाखवली. दोघं हसले. मग ते प्रत्येक खिडकीजवळ थांबले. कोणती चोर खिडकी, कोणती बगड, कोणतीतून गुरं जात. पुस्तकातलं काही नव्हतं. कोणाच्या पोराचा पाय कुठं मोडला, पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, असं. बीएच्या तीन वर्षांत इतिहास माझा विषय होता. त्यात हे शहर दीड पानात संपलं होतं.

मसाण खिडकीपाशी ते अलीकडेच थांबले. मी पुढे निघाले तर त्यांनी मला थांबवलं. मेलेल्या माणसाला या खिडकीनं बाहेर नेत, म्हणाले. "इथून आपल्या पायानं नाई जाचं." आम्ही लांबून वळसा घातला. ऊन खूप होतं. 

आता ती डिसेंबरची गोष्ट.

पुण्याचं एक कुटुंब येणार होतं. मुलगा, सून आणि मुलाची आई. आईचं नाव सुमतीबाई, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची रेल्वे बल्लारशाहला उशिरा आली. दुपारच्या सफारीला गेट ठरलेल्या वेळी बंद होतं, त्यानंतर कोणालाच आत सोडत नाहीत. सरळ बाहेरच्या रस्त्यानं आले असते तर पोचले असते. ते पोचले तेव्हा गेट बंद होऊन बराच वेळ झाला होता.

मुलगा गाडीतून उतरला तोच फोनवर ओरडत. सून रडवेली, तिला वाघ बघायचा होता. सगळ्यांच्या मागून सुमतीबाई आल्या, आणि त्या तेवढ्या खूश होत्या. काउंटरवर दोन्ही तळहात उलटे करून त्यांनी मला दाखवले. बोटांना दगडावरचं हिरवं शेवाळ लागलं होतं. त्या म्हणाल्या की गाडीत त्यांनीच विचारलं, चंद्रपूर म्हणजे फक्त वाघच का हो? ड्रायव्हरदादा म्हणाले, उतरता का? "आणि मी उतरले," सुमतीबाई म्हणाल्या. "मुलगा फोनवर होता, सून झोपली होती, त्यांना कळलंच नाही. अर्धा तास फिरले मी त्या दादांबरोबर. मला म्हणाले, देव किती. मी म्हटलं, तेहतीस कोटी. म्हणाले, मग तुमचं कोणाशीच जमायचं नाही." त्या हसल्या, मग प्रवासानं डोकं धरलंय म्हणून खोलीत जाऊन झोपल्या.

म्हणजे दसरूभाऊंना अकरा वर्षांनी एक पाहुणा मिळाला होता.

ते बाहेर गाडीजवळ उभे होते. उशीर झाला आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी चेहऱ्यावर काहीतरी होतं. काचेतून मी बघितलं. ते गाडीचं टायर बघत होते, पण टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

मुलानं लेखी तक्रार केली. साहेबांनी मला आत बोलावलं. रजिस्टर त्यांच्यासमोर उघडं होतं. त्यांनी मागची पानं उलटली आणि विचारलं, ही एवढी वाहतूक कोंडी कुठली? चंद्रपुरात रोज मिरवणूक निघते का? मी उभी होते. ते म्हणाले, रजिस्टरवर सही तुझी आहे, तेव्हा आज काय झालं ते तूच लिही, आणि खरं लिही.

मी खरं लिहिलं. चार ओळी. चालकाने ठरलेला मार्ग सोडून वाहन शहरातून आणले. वाटेत वाहन थांबवण्यात आले. त्यामुळे पाहुण्यांची सफारी हुकली. यापूर्वीही चालकाने असे केले आहे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पाहुण्या स्वतःहून उतरल्या, ही पाचवी ओळ मी लिहिली नाही. साहेबांनी विचारलं नव्हतं. मी मनात म्हटलं, विचारलं तर सांगेन. त्यांनी कागद घेतला, वाचला, चांगलं लिहिलंस म्हणाले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मला बरं वाटलं. हे लिहिताना लपवत नाही, त्या क्षणी मला बरंच वाटलं. आपली खुर्ची राहिली, असं वाटलं. बाप मिलमध्ये काय सांगतो ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरनं त्या कुटुंबाला स्टेशनवर सोडलं. सुमतीबाई निघताना इकडेतिकडे बघत होत्या. दादा कुठे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांची आज पाळी नाही.

संध्याकाळी साहेबांनी दसरूभाऊंना आत तो कागद दाखवून त्याच्याखाली सही घेतली. ते एकेक अक्षर लावत वाचायचे, म्हणून वेळ लागला. मी काउंटरवरून आतलं दार बघत होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली आणि लॉजनं दिलेला फोन काउंटरवर ठेवला. किल्लीला एक लहान बांबूची चकती होती, ती त्यांनी स्वतः बनवली होती. ती त्यांनी काढून खिशात घातली.

मी म्हटलं, दसरूभाऊ.

ते म्हणाले, "तुहं अक्षर लई साफ आहे, बीएबाई. मले सगळं वाचता आलं."

टोमणा नव्हता. मी खूप वेळा ते वाक्य उलटसुलट करून बघितलं आहे, त्यात टोमणा सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. ते गेटपर्यंत चालत गेले, तिथून सहाची बस मिळते.

त्यानंतर तीन महिने मी काम केलं. जेवले, झोपले, मंगळवारी घरी गेले. कोणी विचारलं तर दसरूभाऊंनी काम सोडलं, असं सांगे. रजिस्टरमध्ये आता वाहतूक कोंडी येत नसे. नवीन ड्रायव्हर वेळेवर येई. आत काही हलत नव्हतं. आईनं एकदा विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, बरी आहे. बरीच होती.

मार्चच्या शेवटी काउंटरवरचा फोन वाजला. सुमतीबाई होत्या. त्या थंडीत परत यायचं म्हणत होत्या, दोन मैत्रिणींना घेऊन. सफारी नको, म्हणाल्या, वाघ नको, फक्त ती भिंत आणि ते दादा. त्यांना विचारून ठेवाल का? मी विचारलं, कधी यायचं आहे. लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, दादा आहेत ना?

"ते सुट्टीवर आहेत," मी म्हटलं.

एवढं साफ अक्षर असलेली, खरं बोलते म्हणून गावात नाव असलेली मी, आणि हे माझ्या तोंडून आपोआप निघालं. फोन ठेवल्यावर मी ठरवलं, येत्या मंगळवारी चंद्रपूरला जायचं, त्यांना गाठायचं, आणि दोन गोष्टी सांगायच्या. एक, तुमचा पाहुणा परत येतो आहे. दुसरी, मी पाचवी ओळ लिहिली नाही.

सुमतीबाई थंडीत आल्या, ते आधी सांगून टाकते. मी रजा घेतली आणि तिघींना घेऊन भिंतीच्या कडेनं चालले. सूप विणणाऱ्या बाईचा दगड दाखवला, राणीनं बांधलेली समाधी दाखवली, खिडक्यांची नावं सांगितली. मसाण खिडकीला वळसा घातला. चारपाच ठिकाणी त्यांनी काही विचारलं आणि मला म्हणावं लागलं, मला माहीत नाही, ते दसरूभाऊंना माहीत होतं. जटपुरा दरवाजाखाली सुमतीबाईंनी परत विचारलं, ते दादा कुठे असतात? तिथं मी त्यांना सगळं सांगितलं. पाचव्या ओळीसकट. त्यांनी दगडावर हात ठेवला होता, तो तिथंच राहिला. मग त्या म्हणाल्या की मुलानं तक्रार केली हे त्यांना ठाऊक होतं. ड्रायव्हरला जरा रागावतील, एवढंच वाटलं होतं. मैत्रिणी वर बघून फोटो काढत होत्या. 

आता लॉजच्या पत्रकात एक ओळ वाढली आहे. ऐतिहासिक चंद्रपूर दर्शन, एक तास. साहेबांनाच सुचलं. नवीन ड्रायव्हर कागदावरून वाचून दाखवतो आणि दरवाजात हॉर्न वाजवत जातो. मी ती गाडी निघाल्याची वेळ लिहिते.

पण मी त्या मंगळवारचं सांगत होते.

एप्रिल लागला होता. दहाचा सुमार. मी बसस्टँडवरून चालत जटपुरा दरवाजाशी आले. नेहमीसारखी गर्दी. कैऱ्यांची एक हातगाडी कमानीच्या तोंडाशीच अडकली होती, त्यामुळे आतलं सगळं थांबलेलं. मी कमानीबाहेर थांबले. वर पाहिलं. जनावर आणि हत्ती जागेवर होते. मग कमानीत शिरून कडेला, दगडाला चिकटून उभी राहिले.

समोर पाहिलं तर आतल्या बाजूनं येणाऱ्या ऑटोत दसरूभाऊ बसले होते. एकटे. मांडीवर पत्र्याची पेटी, पायाशी गुंडाळलेली सतरंजी आणि दोरीनं बांधलेली दोन भांडी. म्हणजे खोली सोडली होती. बसस्टँडकडे निघाले होते. पुढे कळलं, एटापल्लीच्या बसमध्ये बसले. गावाला त्यांचा फोन नाही, आणि गोलबाजारातल्या बाया म्हणतात की ते बरे आहेत.

ऑटो माझ्यापासून आठ-दहा हातांवर थांबला. त्यांनी मला पाहिलं नाही. पुढची हातगाडी हलत नव्हती. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. ऑटोवाल्यानंही हॉर्नकडे हात नेला. दसरूभाऊंनी मागून वाकून त्याचं मनगट धरलं. जोरात नाही, आजारी माणसाची नाडी बघावी तसं. ऑटोवाला मागे वळून बघू लागला. ते त्याला काही बोलले नाहीत. एका हातानं त्याचं मनगट धरलं होतं, दुसरा हात ऑटोच्या बाहेर काढून दरवाजाच्या दगडावर ठेवला होता.

मला हाक मारायची होती. नुसतं दसरूभाऊ म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्या गोंगाटात ओरडावं लागलं असतं एवढंच. पण आम्ही दोघं कमानीच्या आत होतो. दरवाजात आवाज नाई कराचा. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ऑटो बाहेर पडला की हाक मारू, असं ठरवलं.

कैऱ्यांची गाडी सुटली. सगळं एकदम पुढे सरकलं. दसरूभाऊंचा हात दगडावरून घसरत घसरत कमानीच्या शेवटापर्यंत गेला आणि मग आत गेला. ऑटो बाहेरच्या उन्हात गेला. त्या रंगाचे तिथं वीसेक ऑटो होते.

नियम पाळला म्हणून मी गप्प राहिले की सांगायचं धाडस नव्हतं म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. त्यांच्या हाताएवढ्या उंचीवर दगडावरची धूळ पुसली गेली होती. एक लांब पट्टा. मी तो कमानीच्या शेवटापर्यंत बघत गेले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला आणि मी बाजूला झाले.